दाताच्या रंगाला तीन मिती

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण येथे सुरू झाले, तेव्हा कृत्रिम दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवणे हे मात्र सर्वत्र नजरेच्या अंदाजावरच अवलंबून होते.

१९३१ मध्ये अमेरिकी दंतवैद्य ब्रूस क्लार्क यांनी दाताच्या रंगाला तीन मिती असल्याचे मांडले : रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता. तरीही जर्मनीतील ‘व्हिटा’ कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या शेड गाइडमधील नमुने प्रामुख्याने रंगछटेनुसार, ‘ए’ ते ‘डी’ अशा गटांत मांडलेले होते. वास्तविक डोळ्यांना सर्वाधिक खटकतो तो उजळपणातील फरक. त्याला पहिले स्थान देणारे ‘थ्रीडी-मास्टर’ गाइड १९९८ मध्ये आले.

रूट कॅनाल झालेल्या दातावर कॅप बसवताना ही मांडणी कसोटीला लागते. मृत मज्जेतील रक्ताचे अवशेष दंतिनात झिरपून दात काळवंडू शकतो आणि पातळ, अर्धपारदर्शक सिरॅमिकमधून तो काळेपणा राखट छटेने वर उमटतो. तो झाकण्यासाठी कॅप अपारदर्शक करावी, तर ती खडूसारखी निर्जीव दिसते. शिवाय उघडा राहिलेला दात कोरडा पडून तात्पुरता पांढरा दिसतो. म्हणून शेड उपचारापूर्वीच, दात ओलसर असताना निवडायची असते. एका दिव्याखाली जुळलेला रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळा भासू शकतो, त्यामुळे दिवसाच्या उजेडातही तो पडताळणे आवश्यक ठरते.