चांदनीचे ऊन आणि साहेबाची टोपी

चांदनी आज नेपानगरजवळचे लहानसे गाव आहे, पण जी.आय.पी. रेल्वेच्या काळात आसीरगडाला जाणाऱ्यांना हेच जवळचे स्टेशन होते. गड 1819 साली इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे बरीच वर्षे तिथे त्यांची शिबंदी राहिली. हिंदुस्थानच्या उन्हाचा त्यांनी भलताच धसका घेतला होता. ज्या भेंडाची आपल्याकडे बाशिंगे होतात, त्याच हलक्या भेंडाची सोला हॅट घातल्याशिवाय साहेब दिवसा बाहेर पडत नसे. ही भीती पोकळ नव्हती, मात्र तिने धोका भलतीकडेच शोधला. ऊन कवटीतून मेंदूत आणि कण्यातून मज्जारज्जूत शिरते, असे तेव्हाचे वैद्यक मानी. म्हणून पाठीलाही कापूस भरलेली पट्टी लावत. फिलिपाइन्समधल्या अमेरिकी शिपायांना तर 1910च्या सुमारास किरण अडवण्यासाठी नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घालून पाहिले. उपयोग शून्य!

ऊन खरोखर घर करत होते ते कातडीत. हॅम्बुर्गच्या पाउल उन्ना यांनी 1894 मध्ये खलाशांच्या उघड्या कातडीवरचे खरखरीत चट्टे आणि कर्करोग यांचा संबंध दाखवला. असा चट्टा डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागतो, सँडपेपरसारखा. बहुतेक चट्टे निरुपद्रवी राहतात, काही थोड्यांचा पुढे कर्करोग होतो. पण त्याला वर्षानुवर्षे लागतात. उष्माघात दुपारीच माणूस लोळवतो, म्हणून भीती सगळी त्याच्यावर खिळली.

यावर कोणी म्हणेल, टोपीने चेहरा झाकला, मग कारण चुकले तरी बिघडले कुठे? बिघडले असे की, काठाच्या सावलीबाहेर खालचा ओठ आणि हातांची पाठ उघडीच राहिली, आणि हे चट्टे नेमके तिथेही उठतात. कातडी पोळवणारे अतिनील किरण उष्णतेसारखे जाणवत नाहीत, त्यामुळे पौषातल्या गार सकाळीही त्यांचे काम चालूच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निमाडचा शेतकरी जन्मभर त्याच उन्हात राबतो, त्याला हे चट्टे क्वचितच का? मेलॅनिनमुळे. उन्हाला दोषमुक्त करणारा हा पुरावा नव्हे, कारण जन्मतः कातडीत रंगद्रव्य नसलेल्या माणसांना हेच चट्टे तरुणपणीच गाठतात. डोके, कान, मान एकदम झाकणारा शेतकऱ्याचा रुमाल त्यांच्यासाठी भेंडाच्या टोपीपेक्षा कितीतरी कामाचा. ओठ आणि हात मात्र त्यांनाही वेगळे जपावे लागतात.