लिलावातलं घर आणि दीडशे वर्षांचं भांडण

रविवारच्या पेपरात मागच्या पानांवर बारीक टायपात काही जाहिराती असतात. ‘ताबा सूचना’, ‘ई-लिलाव’, ‘जसे आहे जेथे आहे तत्त्वावर’ वगैरे. बहुतेक लोक पान उलटतात. पण ज्याचं शहरात स्वतःचं घर नाही आणि बिल्डरांचे दर ऐकून ज्याचे कान बधिर झालेत, तो तिथे थांबतो. टू बीएचके, राखीव किंमत बाजारभावापेक्षा कमी... झालं, डोक्यात एक्सेल शीट उघडते! मी सध्या याच जमातीत आहे. म्हणून गेले काही वीकएंड या जाहिरातींमागचा कायदा आणि त्याचा इतिहास वाचण्यात घालवले.

पहिला प्रश्न साधा आहे. कर्ज थकलं म्हणून बँक एखाद्याचं राहतं घर कोर्टात न जाता परस्पर विकू कशी शकते? उत्तर असं की २००२ पर्यंत सहसा नाही शकायची. आणि त्यामागची गोष्ट आपल्या पुणे जिल्ह्यातून जाते.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळी होत्या ते हेच. गंमत म्हणजे जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे हाती लागले की जाळून टाकले. कारण इंग्रजी दिवाणी कोर्टं आल्यापासून कागद हेच हत्यार झालं होतं. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाचा अंगठा घ्यायचा, मुदत संपत आली की व्याजासकट नवा रोखा लिहून घ्यायचा, मग कोर्टातून हुकूमनामा आणि जमिनीचा लिलाव. बोली लावायला अनेकदा सावकारच हजर.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे. नुसत्या रोख्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे कोर्टाने तपासावं असं ठरलं. जी जमीन स्पष्टपणे गहाण टाकलेली नाही ती साध्या कर्जापायी विकता येणार नाही, असंही ठरलं. म्हणजे लिलावाला पहिला मोठा ब्रेक लागला तो इथे.

तिकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कोर्टाबाहेर गहाण मालमत्ता विकायची मुभा ठेवली, पण फार थोड्यांना. उदाहरणार्थ, मालमत्ता मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरात असेल आणि करारात तसं लिहिलेलं असेल तर. बाकीच्यांनी कोर्टाची पायरी चढायची. याच कायद्यात कर्जदाराचा एक जबरदस्त हक्क आहे: पैसे फेडून गहाण सोडवून घ्यायचा. मूळ कल्पना इंग्लंडची. एकदा गहाण ते कायम गहाणच, सावकाराला ते चलाखीने खरेदी बनवता येत नाही.

मग १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. आमच्या भाषेत हा लेगसी कोड. कोणी रिराइट करत नाही, सगळे त्याच्यावरच नवं बांधतात :-) कोर्टाच्या लिलावात बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के तिथेच भरायचे, उरलेले १५ दिवसांत. आज बँकेच्या ई-लिलावात आकडे तेच! २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, बाकी १५ दिवसांत. लेखी संमतीने मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. जुन्या संहितेत आणखी एक गोड तरतूद आहे. कर्जदाराने थकबाकी आणि खरेदीदाराला किमतीच्या ५ टक्के भरले तर झालेली विक्रीसुद्धा रद्द होते. घर गेलेल्याला एक शेवटची संधी, आणि घर हुकलेल्याला थोडी भरपाई.

अडचण वेगाची होती. स्वातंत्र्यानंतर बँकांच्या दिवाणी दाव्यांचे ढीग साचले. १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणं काढली, तीही तुंबली. नरसिंहम समिती आणि अंध्यारुजिना समिती यांनी सुचवलं की बँकांना थेट विक्रीचा अधिकार द्या. २००२ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा आला, तोच सरफेसी. ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग विक्री. १८८२ मध्ये मोजक्यांना असलेली मुभा आता देशभरच्या बँकांना मिळाली. (शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळली आहे. सुप्याची आठवण कायद्याला असावी असं मला उगाच वाटतं.) ताब्याची सूचना दोन प्रमुख वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. रविवारच्या त्या बारीक टायपाचं मूळ हे.

पुढची वीस वर्षं म्हणजे पेंडुलम. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण दाद मागायला आधी ७५ टक्के रक्कम भरा ही अट उडवली. मूळ कायद्यात विक्री होईपर्यंत कर्जदार पैसे भरून मालमत्ता सोडवू शकत होता. २०१६ च्या दुरुस्तीने ती खिडकी लिलावाची जाहीर सूचना छापली जाईपर्यंत असं केलं. तरीही वाद राहिलाच. मुंबईतून गेलेल्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात लिलावात १०५ कोटींची बोली जिंकली होती. नंतर कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार झाला आणि उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं: सूचना छापली की सोडवायचा हक्क संपला. नाहीतर लिलावावर विश्वास ठेवणार कोण?

आता खरेदीदार म्हणून वाचा. हा निकाल आपल्या बाजूचा आहे, पण आपण तेवढ्याने घरात जाऊन झोपत नाही. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असेल तर त्याचा अर्थ दारावर नोटीस लागली आहे आणि आत माणसं राहताहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. गुंतवणूकदाराला तो उशीर म्हणजे थोडं व्याज. राहायला घर घेणाऱ्याला तो भाडं अधिक ईएमआय, दर महिन्याला, दोन्ही. शिवाय कर्जदार न्यायाधिकरणात गेलेला असू शकतो, ते आधी तपासायचं. ‘जसे आहे जेथे आहे’ मध्ये सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर सगळं येऊ शकतं. आधीच्या मालकाचं थकलेलं वीजबिल भरल्याशिवाय जोडणी नाही अशी अट नियमांनी घालता येते, हे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात ठरलं. आणि मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून होम लोनची मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटणं वकिलाइतकंच गरजेचं.

हे सगळं वाचून मी स्वस्त घराचा नाद सोडला का? नाही. पण राखीव किंमत कमी का असते ते आता कळलं. त्या फरकात एक न संपलेलं भांडण असतं आणि खरेदीदार ते विकत घेत असतो.

राहता राहिला मनाचा प्रश्न. कोणाच्या तरी हातातून गेलेल्या घरात देवघर मांडायचं का? माझं उत्तर असं, की कर्जदाराला नोटीस मिळाली, त्याच्या हरकतींना उत्तर मिळालं, सोडवायची संधी मिळाली, तर मी फक्त खरेदीदार आहे. यातलं काही गाळलेलं असेल, तर मी १८७५ च्या बाजारात सावकाराच्या शेजारी उभा राहून बोली लावतोय. सुदैवाने दोन्ही कारणांसाठी वाचायचे कागद एकच आहेत. ज्या प्रकरणात बँकेने पायऱ्या गाळल्या, तेच पुढे कोर्टात कोसळायची भीती जास्त. तेव्हा बोली लावण्याआधी नोटिशींच्या तारखा मागून घ्या आणि स्वतः मोजा.