कोतवालाचा आकडा

काशीतील दुर्गाघाट मराठी माणसाला परका नाही. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांच्या प्रयत्नाने अठराव्या शतकात हा घाट उभा राहिला आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून दक्षिणेतील वैदिक, शास्त्री व यात्रेकरू यांची वस्ती वाढली. येथून थोड्याच अंतरावर कालभैरवाचे मंदिर आहे. कालभैरव हा काशीचा कोतवाल. त्याच्या नजरेतून कोणाचेही पाप सुटत नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे. देवाच्या कोतवालीत एकही अपराध नोंदीवाचून राहत नाही. माणसांच्या कोतवालीचे तसे नाही. अपराधांच्या नोंदीचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी हे अंतर कमी करण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

जुन्या बनारसेत मोहल्ल्यांना फाटके असत. रात्री ती बंद होत आणि रखवालदार त्यांवर पहारा ठेवी. चोरी झाली तर तिचा बोभाटा मोहल्ल्यात होई, तंटा पुष्कळदा तेथेच मिटे आणि सरकारी कागदावर त्याची खूण उमटेच असे नसे. बातमी सर्वांना असे. हिशेब कोणाजवळच नसे.

हिशेब करू गेल्यास काय घडते, याचे एक बोलके उदाहरण याच शहरात सापडते. इ. स. १८०० मध्ये शहर कोतवाल झुल्फिकार अली खान याने बनारसची लोकसंख्या पाच लाख ऐंशी हजारांहून अधिक असल्याचे सांगितले. पुढे टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८२८-२९ मध्ये नव्याने गणती केली. दुर्गाघाटाजवळच उभ्या असलेल्या व ‘माधवरावाचा धरहरा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मिनारांची दुरुस्ती करणारा तो हाच प्रिन्सेप. ते मिनार आज राहिलेले नाहीत, परंतु त्याची गणती राहिली आहे. ती सुमारे एक लाख ऐंशी हजारांची भरली. एवढ्या अवधीत शहर ओस पडले होते काय? मुळीच नाही. घरांची संख्या दोघांनीही तीस हजारांच्या आसपासच धरली होती. कोतवालाने घरे मोजली आणि दर घरी माणसे किती, हे मात्र अंदाजाने ठरविले. तो अंदाज फुगला आणि त्याबरोबर शहरही कागदावर तिपटीने फुगले.

मोजदादीविषयी लोकांच्या मनात संशय असे, तोही अकारण नव्हता. १८१० साली सरकारने घरपट्टी बसविली, तेव्हा बनारसकरांनी आपले व्यवहार बंद ठेवून मोठा प्रतिकार केला आणि पुढच्या वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. ज्या मोजणीमागून कर किंवा जाच येतो, तिला खरे उत्तर मिळत नाही. अपराधांच्या मोजणीलाही हाच न्याय लागू पडतो. भेद इतकाच की, येथे मोजणाराच आकड्याला भीत असतो.

फ्रान्सने १८२७ साली फौजदारी न्यायाचे राष्ट्रीय आकडे वर्षवार छापण्यास आरंभ केला. हिंदुस्थानात त्यासाठी पाया घातला गेला तो १८६१ मध्ये. त्या वर्षीच्या पोलीस कायद्याने प्रत्येक ठाण्यात रोजनामा ठेवून आलेल्या तक्रारी लिहून घेण्याचे बंधन घातले. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने पहिली खबर लेखी घेण्याची रीत बांधून दिली. १८६२ च्या आरंभी भारतीय दंडसंहिता अमलात आली आणि पेशावरपासून मद्रासपर्यंत अपराधांना एकच नाव व एकच कलम मिळाले. शब्द एक झाले, म्हणून मोजणी एक होण्याची शक्यता निर्माण झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक ग्रंथ सर्व राज्यांचे आकडे एकत्र देऊ लागला. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला व हे काम त्याच्याकडे आले. मोजणीचे नियमही ठरले. एका फिर्यादीत अनेक अपराध असतील, तर त्यांपैकी सर्वांत कडक शिक्षेचा अपराध तेवढा मोजावयाचा. घरफोडी करताना खून झाला, तर तो खुनाच्या सदरात एकदाच जातो. घरफोडीचा रकाना त्या प्रकरणापुरता रिकामा राहतो. नियम सोयीचा आहे, कारण त्यामुळे एक प्रकरण दोनदा मोजले जात नाही. तथापि आकडे वाचणाऱ्याला तो ठाऊक नसेल, तर घरफोड्या आहेत त्याहून कमी दिसतील. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. तेव्हा जुन्यानव्या वर्षांची तुलना करताना सदरांचा मेळ जपूनच घालावा लागेल.

परंतु नमुने आणि नियम कितीही एकसारखे केले, तरी पहिली ओळ लिहिणारा हात ठाण्यातच असतो. ज्या ठाण्यात गुन्हे कमी ते ठाणे उत्तम, अशी पारख वरिष्ठांनी केली, की फिर्यादीस परत पाठविणे हाच गुन्हे कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. गंगास्नानास आलेल्या वृद्धेचे गाठोडे पळविले गेले आणि ‘हरवले असेल, शोधा’ म्हणून तिची बोळवण झाली, तर तिची दोनदा हानी होते. एकदा चोराकडून आणि एकदा कागदाकडून. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७७ ते १९८१ या काळातील आपल्या अहवालांत या प्रवृत्तीवर बोट ठेवले. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, दखलपात्र अपराधाची खबर मिळताच ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. काही ठरावीक प्रकारांतच आधी थोडी चौकशी करता येईल.

हा निर्णय मनापासून पाळला गेला, तर एखाद्या जिल्ह्याचे आकडे वाढतील. ती वाढ पाहून अधिकाऱ्यावर ठपका ठेवणारा वरिष्ठ आणि घाबरून ओरड करणारा वाचक, दोघेही पुन्हा जुन्या कोतवालीचे दार उघडतात. वाढलेला आकडा अपराध वाढल्याचे चिन्ह असू शकतो. तसेच, पूर्वी दारावरूनच परतणारी माणसे आता आत येऊन बोलू लागल्याचेही. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी नोंद कशी झाली हे आधी विचारावे लागते. झुल्फिकार अली खानाची घरे बरोबर होती. माणसे त्याने विचारलीच नव्हती.