मारुतीचे ७९६ सीसी इंजिन : मोजमापे, मर्यादा आणि भरवसा

भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबाला चारचाकीची पहिली ओळख ज्या इंजिनाने करून दिली, ते मारुतीचे ७९६ सीसी क्षमतेचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० सोबत ते रस्त्यावर आले. पुढे ओम्नी आणि अल्टो या गाड्यांतही ते बसले. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये, तर ७९६ सीसीची अल्टो २०२३ मध्ये बंद झाली. नवीन गाडीत आता हे इंजिन मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र त्याला आजही मागणी आहे. म्हणूनच त्याची क्षमता किती आणि ते कशाने बिघडते, हे खरेदीदाराने जाणून घेतले पाहिजे.

मोजमापे

या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर असून पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर आहे. त्यावरून एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २६५ घन सेंटिमीटर येते. तिन्हींची बेरीज ७९६. चार दशकांत ही मूळ मापे बदलली नाहीत, बदल झाला तो श्वासोच्छ्वासात. आरंभीच्या एफ८बी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि इंधनासाठी कार्ब्युरेटर होता. नंतर कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणी यंत्रणेने घेतली. एफ८डी या सुधारित इंजिनात व्हॉल्व्हची संख्या बारा झाली.

परिणामी शक्ती सुमारे ३७ अश्वशक्तीवरून ४५ च्या पुढे गेली. २०१२ च्या अल्टो ८०० मध्ये ती मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती आणि ३५०० फेऱ्यांवर ६९ न्यूटन-मीटर टॉर्क इतकी होती. ९९८ सीसीच्या के१०बी इंजिनाची शक्ती ६८ अश्वशक्ती आहे. त्यात टायमिंग बेल्टऐवजी साखळी वापरली आहे. ७९६ सीसी इंजिनात मात्र रबरी पट्टाच आहे, आणि जुनी गाडी घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनात दर २४० अंशांनी एक स्फोट होतो, चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांनी. त्यामुळे गाडी उभी असताना जाणवणारी थरथर ही या रचनेचीच देणगी आहे, तो बिघाड नव्हे. थरथर एकाएकी वाढली, तर मात्र इंजिनाखालचे रबरी माउंटिंग किंवा स्पार्क प्लग तपासावेत.

निजामपुऱ्यातील कसोटी

इंजिनाचा भरवसा अखेर वापराच्या ठिकाणी ठरतो. बडोद्याच्या उत्तर भागातील निजामपुरा हे त्याचे बोलके उदाहरण. फत्तेगंज, विद्यापीठ, रेल्वे स्थानक हे सारे येथून काही किलोमीटरांच्या आत आहे. अंतर थोडे, थांबे अनेक, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि वातानुकूलन सतत चालू. वरवर सौम्य दिसणारा हा वापर इंजिनाच्या दृष्टीने खडतर असतो.

छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापण्याआधीच बंद होते. तेलात मिसळलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, तेल लवकर निकामी होते. म्हणून वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचेही तेल मुदतीनुसार बदलावे लागते.

उन्हात, वाहतुकीच्या कोंडीत रेडिएटरला वारा मिळत नाही, सारी भिस्त विजेच्या पंख्यावर असते. पंख्याचा स्विच वा थर्मोस्टॅट बिघडला आणि चालकाने तापमानाच्या काट्याकडे दुर्लक्ष केले, की ॲल्युमिनियमचे हेड वाकते व गॅस्केट जळते. कूलंटऐवजी साधे पाणी घालत राहिल्यास आतील मार्ग गंजून चोंदतात. दोन-तीनशे रुपयांचे कूलंट वाचवताना हजारोंचा खर्च ओढवतो, तो असा.

गुजरातेत सीएनजीचा प्रसार मोठा आहे. अल्टो ८०० ची शक्ती सीएनजीवर ४८ वरून ४१ अश्वशक्तीवर आणि टॉर्क ६९ वरून ६० न्यूटन-मीटरवर येतो. वायू कोरडा असल्याने व्हॉल्व्ह व त्यांच्या बैठकीची झीज पेट्रोलपेक्षा अधिक होऊ शकते, स्पार्क प्लगवरही ताण येतो. गाडी काही काळ पेट्रोलवर चालवणे, टाकीत थोडे पेट्रोल राखणे आणि सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे, हे तीन नियम पाळावेत.

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोदे शहराने पूर अनुभवला. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर सरकला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत सहसा नाकारली जाते, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. बॅटरीची तार काढून गाडी ओढून नेणे, हाच योग्य मार्ग.

गोव्यातील वापर

गोव्यात कसोटी निराळी आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटात चार माणसे, सामान आणि वातानुकूलन यांसह चढताना ७९६ सीसीचे इंजिन त्याच्या मर्यादेला पोचते. वरच्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा खालचा गिअर टाकून फेऱ्या वाढू देणे, चढावर वातानुकूलन बंद ठेवणे इंजिनाच्या हिताचे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने रेडिएटरची जाळी आणि विजेची टोके गंजतात. पावसाळ्यापूर्वी ती पाहून घ्यावीत.

इथेनॉलचा प्रश्न

१ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसतील असे बनवले जातात. त्याआधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता अशा मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सील वेळोवेळी तपासणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे.

जुनी गाडी घेताना

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर कूलंट तेलात मिसळत असण्याची शक्यता असते. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद मागावी. नोंद नसेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा. पट्टा तुटला की गाडी भर रस्त्यात जागीच थांबते.

रचना साधी, सुटे भाग सर्वत्र मिळणारे आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही पाठ असलेले, हे या इंजिनाचे खरे बळ आहे. मात्र स्वच्छ तेल, योग्य कूलंट आणि वेळेवर बदललेला पट्टा या तीन गोष्टींत हयगय झाली, तर ते बळ फार काळ टिकत नाही.