करवंदाची जाळी आणि तिच्या मालकिणी

मुंबईचं बेट एके काळी ज्याच्याकडे खंडाने होतं, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला. त्यात वेलदोड्याच्या जोडीला चक्क करवंदाची चर्चा आहे. बोरिवलीत वाढलेल्या मला हे वाचून मौज वाटली. आमच्याकडे करवंद यायचं ते टोपलीतून.

चैत्र सरत आला की डोंगरातल्या पाड्यांवरच्या वारली बायका उन्हं चढायच्या आत चाळीत हजर. ‘डोंगरची काळी मैनाऽऽ’ अशी हाळी आली की आई आम्हाला पैसे देऊन पिटाळायची. माप बाईचंच. पळसाच्या पानाचा द्रोण शिगोशीग भरायचा, वर चार दाणे आमच्या तळहातावर. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे असत, कारण करवंदाचा काटा जाड, ताठ आणि बऱ्याचदा टोकाला दुभंगलेला. देठ खुडला की पांढरा चीक येतो. त्याने आमचे ओठ चिकटायचे. करवंद फोडून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. यावरून भांडणंही व्हायची.

त्या टोपलीमागचा डोंगर टिकला तो पाण्यापायी. वाढत्या शहराची तहान भागवायला १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून झाला. पाणलोट राखायचं तर झाडोरा राखणं आलं. भोवतालचं साष्टी बेट मात्र झपाट्याने पालटलं. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत झाली. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं. भातखाचरांवर इमारती चढल्या, बांधावरची करवंदं गेली. उरली ती डोंगरातली.

आज तिथे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबळ्याच्या बातम्या होतात, जाळीच्या होत नाहीत. पण उन्हाळ्यात रानातलं बरंचसं गवत वाळलेलं असतं, तेव्हा करवंद पिकतं. दिवसा बुलबुल, रात्री उदमांजर त्यावर ताव मारतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया रानभर पसरतात. जाळीच्या आत एखादं रोप उगवलं तर काट्यांमुळे त्याला गुरांचं तोंड लागत नाही. ते जाळीच्या डोक्यावरून वर निघतं आणि मग त्याचं झाड होतं. जाळी म्हणजे रानाची बाळंतिणीची खोलीच. कोयत्याने सपाट केली तरी पावसात बुडख्यातून पुन्हा फुटते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून वनोपज उचलायला बंदी घातली. तसं झालं नसतं तर डोंगरावरही टॉवर दिसले असते, हे मी मान्य करते. पण लाकडाचा ट्रक आणि करवंदाची टोपली या दोन्हींना एकच नियम लागला. ज्या बायकांना कुठली जाळी आंबट, कुठली गोड हे तोंडपाठ होतं, त्यांच्या सुना-लेकी कॉलनीतल्या घरकामाकडे वळल्या. आमच्या बाजारात करवंद विकणाऱ्या बाईला गाव विचारलं तर आता ती जव्हार नाहीतर शहापूर सांगते. डोंगर समोर दिसतो आणि डोंगरची मैना लोकलने येते.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला ड्युरांटा आहे, मूळचा अमेरिकेतला. त्याची पिवळी फळं माणसाला विषारी. तिथे करवंद लावू या, असं मी सुचवलं तर काटे मुलांना लागतील म्हणून कमिटीने नको म्हटलं. त्याच कमिटीने भिंतीवर काटेरी तार ओढली आहे. करवंदाचं कुंपण ही कोकणातली जुनी रीत. एकदा मूळ धरलं की ना पाण्याची फिकीर, ना ढोरांची. उद्यानालगतच्या सोसायट्यांनी ती पुन्हा उचलावी. कुठल्या फळाचं बी घ्यायचं, हे सल्लागार नेमून ठरवू नये. पाड्यावरच्या एखाद्या म्हातारीला विचारावं, आणि सल्लागाराला दिले असते तेवढे पैसे तिला द्यावेत.