बॉब बीमन : लांब उडीचा विक्रमवीर

बॉब बीमन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. तान्हेपणीच आईचे छत्र हरपल्याने आजीने त्यांचा सांभाळ केला. टेक्सासमधील विद्यापीठात शिकताना, वर्णभेदाच्या निषेधार्थ त्यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरण्यास नकार दिला. त्यामुळे १९६८ मध्ये त्यांना संघातून निलंबित करण्यात आले. तेव्हा प्रतिस्पर्धी राल्फ बोस्टन यांनीच त्यांना मार्गदर्शन केले.

त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत बीमन यांच्या पहिल्या दोन उड्या बाद ठरल्या, तिसरी साधली. १८ ऑक्टोबरला अंतिम फेरीत त्यांनी पहिलीच उडी अशी घेतली की अंतर मोजणारे नवे यंत्र तिथवर पोहोचेना. पंचांनी पोलादी फीत आणून मोजमाप केले. फलकावर ८.९० मीटर झळकले, पण मीटरची सवय नसल्याने बीमन यांना त्याचा अर्थ उमगेना. २९ फुटांचा टप्पा ओलांडल्याचे कळताच त्यांचे गुडघे वाकले आणि ते धावपट्टीवरच कोसळले. जुना जागतिक विक्रम ८.३५ मीटरचा होता. तो तब्बल ५५ सेंटिमीटरने मोडला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील विरळ हवेचा आणि नियमाच्या मर्यादेतील दोन मीटर प्रतिसेकंद पाठवाऱ्याचा फायदा मिळाला, पण विरळ हवा साऱ्याच स्पर्धकांना लाभली होती. रौप्यपदकाची उडी ८.१९ मीटरच भरली.

बीमन पुन्हा कधी त्या अंतराजवळ पोहोचले नाहीत. पुढे १९७२ मध्ये त्यांनी अॅडेल्फी विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी घेतली. त्यांचा जागतिक विक्रम माईक पॉवेल यांनी १९९१ मध्ये टोकियोत ८.९५ मीटर उडी मारून मोडला. ऑलिंपिक विक्रम मात्र आजही बीमन यांच्याच नावावर आहे.