तपासणींत उतरलेली शाळा

शाळेची तपासणी म्हटली कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. दिपोटीसाहेब येणार म्हणून चार दिवस आधींपासून फळे काळे केले जात, हजेरीपटांतील बेरजा जुळविल्या जात, मुलांकडून पाढे घोकून घेतले जात. साहेब येत, शुद्धलेखन घालीत, गणितें विचारीत आणि शेरेबुकांत शेरा लिहून निघून जात. ज्या जिन्यावरून ते चढून येत त्या जिन्याचा उल्लेख मात्र त्या शेर्‍यांत क्वचितच होई. विद्या तपासली जाई. विद्या घेणार्‍यांच्या डोक्यावरचें छप्पर ठीकच असणार, असें गृहीत धरलें जाई.

मुलांच्या जीविताच्या दृष्टीनें शाळेची इमारत तपासावी, ही कल्पना जगांत सावकाश रुजली. आणि ती रुजण्यासाठीं फार मोठें मोल द्यावें लागलें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो येथील कॉलिनवूड गांवच्या शाळेला ४ मार्च १९०८ रोजीं आग लागली व १७२ मुलें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर शाळांचीं दारें बाहेरच्या बाजूस उघडावींत, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात, असे नियम अनेक ठिकाणीं कडक झाले. नियम झाले म्हणजे तपासनीस आले, आणि तपासनीस आले म्हणजे भय सरलें, अशी समजूत स्वाभाविकच पसरली. ती समजूत किती फोल होती हें बरोबर पन्नास वर्षांनीं शिकागो शहरांत दिसून आलें.

शिकागोच्या पश्चिम भागांत ‘आवर लेडी ऑफ दि एंजल्स’ नांवाची रोमन कॅथोलिक पंथाची खासगी शाळा होती. दीड हजारांच्या आसपास मुलें तेथें शिकत. बहुतेक शिक्षिका जोगिणी होत्या. इमारत बाहेरून पक्क्या विटांची, आंत मात्र जिने, जमीन, छताचा सांगाडा हें सारें लांकडाचें. जमिनीवर वर्षानुवर्षें तैलयुक्त पॉलिश चढत आलेलें होतें. १९५८ सालच्या शरदांत अग्निशामक खात्याच्या तपासनिसानें ही शाळा पाहिली व ती तपासणींत उतरली. त्यानंतर कांहीं आठवड्यांतच, १ डिसेंबर १९५८ रोजीं, तेथें ९२ मुलें व ३ जोगिणी यांचा अंत झाला.

तपासनिसानें लबाडी केली होती काय? तसें मुळींच नव्हतें. शिकागो शहरानें १९४९ सालीं इमारतींविषयीं नवा कायदा केला होता. नव्या शाळांचे जिने भिंतींनीं व अग्निरोधक दारांनीं बंदिस्त असावेत, आग लागतांच छतांतून आपोआप पाणी फवारणारे नळ असावेत, वगैरे गोष्टी त्यांत सांगितल्या होत्या. परंतु हा कायदा नव्या इमारतींपुरताच होता. ज्या आधींपासून उभ्या होत्या त्यांना तो लागू नव्हता. असल्या सवलतीमागें नेहमीं एकच विचार असतो: लोकवर्गणीवर चालणार्‍या संस्थेनें एवढा खर्च कोठून करावा? विचार वरवर दयाळू दिसतो. पण अग्नि कांहीं इमारतीचें वय विचारून आंत येत नाहीं. तपासनिसाच्या हातांतील नियम जेवढें विचारीत होता तेवढें त्या शाळेंत होतें. म्हणून ती उत्तीर्ण झाली.

त्या दिवशीं दुपारीं शाळा सुटण्यास थोडाच अवकाश होता. तळघरांत, एका जिन्याच्या पायथ्याशीं, कचर्‍याच्या पुठ्ठ्याच्या पिंपांत आग धुमसत होती. ती कशी लागली याचा अधिकृत निर्णय कधींच झाला नाहीं. जवळच्या खिडकीची कांच उष्णतेनें फुटतांच बाहेरची हवा आंत शिरली आणि तो लांकडी जिनाच धुराड्यासारखा पेटला. खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशीं अग्निरोधक दार होतें व तें बंद होतें; म्हणून तेथील वर्ग वांचले. वरच्या मजल्यावर तसें दार नव्हतें. धूर सरळ वर चढून वर्गांबाहेरील बोळांत भरला. त्या बाजूच्या सहा वर्गांत तीनशेंहून अधिक मुलें होतीं आणि त्यांची बाहेर पडण्याची वाट त्याच बोळांतून होती.

मग खिडक्या तेवढ्या उरल्या. त्या जमिनीपासून सुमारें २५ फूट उंचीवर होत्या आणि त्यांचे कठडे वर्गाच्या जमिनीपासून तीन फुटांहून उंच. लहान मुलांना त्यांवर चढणेंही कठीण. शाळेची घंटा वाजली, पण ती शाळेंतच वाजली. अग्निशामक ठाण्याशीं तिची जोडणी नव्हती. दूरध्वनीवरून पहिली वर्दी २ वाजून ४२ मिनिटांनीं गेली व तींत पत्ता शाळेचा नव्हे, कोपर्‍यापलीकडील धर्मगुरूंच्या निवासाचा गेला. बंब चुकीच्या बाजूस उभे राहिले, ते हलविण्यांत मोलाचीं मिनिटें खर्चीं पडलीं. तरीही त्या जवानांनीं दीडशेंहून अधिक मुलें शिड्यांवरून उतरविलीं. जीं उरलीं तीं आपल्या बांकांशींच राहिलीं.

यांतील एकही दोष नवा नव्हता. उघडा जिना, अपुर्‍या वाटा, ठाण्याशीं न जोडलेली घंटा, यांविषयीं तज्ज्ञ कित्येक वर्षें सांगत आलेच होते. मात्र या वेळीं देश हादरला. १९५९ सालीं लॉस एंजल्स येथें एका रिकाम्या, पाडावयाच्या शाळेंत मुद्दाम आगी लावून प्रयोग करण्यांत आले. ज्वाळा पोंचण्याच्या पुष्कळच आधीं धूर वाटा अडवितो आणि उघडा जिना हा त्या धुराचा राजमार्ग होतो, हें तेथें मोजून सिद्ध झालें. शिकागोनें जुन्या शाळांनाही नवे नियम लावले, आणि वर्षभरांत अमेरिकेंतील हजारों जुन्या शाळांत सुधारणा झाल्या. जो खर्च झेपणार नाहीं असें म्हटलें जात होतें तो झेपला. फक्त ९५ चिता आधीं पाहाव्या लागल्या.

ही परदेशची गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. तामिळनाडूंतील कुंभकोणम येथें १६ जुलै २००४ रोजीं एका खासगी शाळेच्या मध्यान्ह-भोजनाच्या स्वयंपाकघरांतून आग उठली आणि वर्गांवरील गवती छपरांनीं पेट घेतला. एकाच अरुंद इमारतींत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. तेथें ९४ बालकें जळून गेलीं; बहुतेक प्राथमिक वर्गांतील. शाळेला मान्यता होती. गवताचें छप्पर कांहीं गुप्त गोष्ट नव्हे. तें रस्त्यावरूनही दिसतें. त्याखालीं मुलें बसत होतीं, जवळच चूल पेटत होती, आणि कागदोपत्रीं सर्व सुरळीत होतें. शिकागोंत नियमालाच भोंक होतें. कुंभकोणमला धोका डोळ्यांसमोर असून पाहणारा डोळाच नव्हता.

या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापुढें अर्ज आला व १३ एप्रिल २००९ रोजीं अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणीं निर्णय झाला. मुलांच्या शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असें न्यायालयानें सांगितलें; आणि शाळा सरकारी असो वा खासगी, तिला हें बंधन सारखेंच लागू केलें. इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें असावी, अग्निशामक साधनें असावींत व तीं वापरण्याचें शिक्षण शिक्षकांना मिळावें, असे आदेश निघाले. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर २००६ सालच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, अग्निशमन साधनें चालू स्थितींत असल्याचा दाखला देण्याची जबाबदारी टाकली.

हें सारें योग्यच झालें. तथापि दाखला हा कागद आहे, आणि शिकागोच्या शाळेलाही तपासणींत उतरल्याचा शेरा मिळालाच होता. तपासणीचें खरें मर्म नियमाच्या यादीवर खुणा करण्यांत नाहीं. “आतां, या घटकेला, या जिन्यावर धूर भरला तर वरच्या वर्गांतील सर्वांत धाकटें मूल कोठून बाहेर पडेल?” हा एकच प्रश्न मनांत धरून इमारतींतून फिरण्यांत तें आहे. हा प्रश्न विचारण्यास सरकारी शिक्का लागत नाहीं. शाळेंत प्रवेश घेतेवेळीं आईबाप निकालाची टक्केवारी विचारतात, फी विचारतात, क्रीडांगणही पाहतात. त्यांनीं आणखी पांच मिनिटें काढून वरच्या मजल्यापर्यंत चढून जावें. दुसरा जिना कोठें आहे तें पाहावें. त्याच्या दाराला कुलूप आहे कीं नाहीं तें हात लावून पाहावें. कुलूप असेल तर किल्ली कोणाजवळ असते, एवढें तरी विचारावें.